बाजारात कोणी चहा घेईना

मी आयुष्यभर चहा विकला. गाडीवरचा नाही, पुडीतला. चहाबरोबर साबण, बिस्किटं, केसांचं तेलही विकलं, पण लोक मला ओळखायचे ते चहावाला शेख म्हणून. माझे वडील वरोऱ्याला बाजारपेठेत शिंपीकाम करायचे. मला मशीनवर बसवायची त्यांची फार इच्छा होती, पण मला एका जागी बसवत नव्हतं. म्हणून मी फिरतीची नोकरी धरली आणि वरोऱ्यापासून आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलापर्यंत एका मोठ्या कंपनीचा माल खपवत राहिलो. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. तिचा साबण अजून बऱ्याच वाचकांच्या न्हाणीघरात असेल, आणि मला कोणाची आंघोळ बिघडवायची नाही.

लोकांना वाटतं, कंपनी माल बनवते आणि दुकानदार विकतो. मधला माणूस कोणाला दिसत नाही. माल आधी जातो स्टॉकिस्टकडे, म्हणजे तालुक्याच्या गावातल्या मोठ्या व्यापाऱ्याकडे. त्याचा टेम्पो खेड्यापाड्यांतल्या दुकानांत माल टाकतो. आणि दुकानदाराने आमचाच माल समोर मांडावा, दुसऱ्याचा मागे ढकलावा, यासाठी दुकानोदुकानी गोड बोलत फिरणारा माणूस म्हणजे मी. आमच्या रोजच्या ठरलेल्या वाटेला बीट म्हणतात. जंगल खात्यातही बीट असते. आलापल्लीला सागवानाच्या डेपोसमोर एका वनरक्षकाने एकदा मला विचारलं, "तुमची बीट कोणती?" मी म्हटलं, "तुमचीच. तुम्ही झाडं सांभाळता, मी दुकानं."

जंगलातल्या गावांत मोठं पाकीट कोणी घेत नाही. तिथे लडी चालते. पाच रुपयांच्या पुड्या एकीला एक जोडलेल्या, हारासारख्या लांब. दुकानाच्या दारात त्या टांगलेल्या असतात आणि गिऱ्हाईक आलं की दुकानदार एक पुडी फाडून देतो. मोटारसायकलवरून येताना लांबून दारात आमची लडी दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. नाही दिसली की समजायचं, आज गोड बोलून भागणार नाही.

तर हे त्या वर्षाचं सांगतो, ज्या वर्षी बऱ्याच दारांतून लडी गेली.

ते निवडणुकांचं वर्ष होतं. कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती पैसा दिला हे तोपर्यंत झाकलेलं होतं. ते कोर्टामुळे बाहेर आलं आणि पेपरांत रोज कंपन्यांची नावं छापून येऊ लागली. एका सकाळी आमचंही आलं. रक्कम मोठी होती. बरीचशी सत्तेतल्या पक्षाला आणि थोडी विरोधकांनाही. मी पेपर घडी करून ठेवला आणि कामाला निघालो. आपला काय संबंध, असंच मला वाटलं. मालकाचा पैसा, मालक जाणे.

पहिला संबंध आला तो वरोऱ्यातच. एका किराणा दुकानात मी ऑर्डर घेत होतो. तिथे निवृत्त मुख्याध्यापिका पाटणकर बाई आल्या. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलेलं. पिशवीतून त्यांनी आमच्या साबणाच्या न उघडलेल्या वड्या काढून गल्ल्यावर ठेवल्या.

"ह्या परत घ्या. दुसऱ्या कंपनीचा द्या."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. कंपनीने आम्हा सगळ्यांना मोबाइलवर एक परिच्छेद पाठवला होता. कोणी विचारलं तर असं उत्तर द्यायचं, म्हणून. मी तो वाचून दाखवला. आमची कंपनी कायद्याच्या चौकटीत राहून लोकशाही बळकट करण्यासाठी सर्व पक्षांना सहकार्य करते, वगैरे.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाठांतर चांगलं आहे. आता अर्थ सांगा."

मी परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.

"मग मी सांगते," त्या म्हणाल्या. "मी मत द्यायला उन्हात रांगेत उभी राहते. माझं मत एक. तुमच्या मालकाचंही मत एकच. पण तो गुपचूप थैली पाठवतो. मग निवडून आलेला माणूस ऐकणार कोणाचं? माझं की त्याचं? आणि ती थैली भरली कोणी, तर मीच, साबण घेऊन!"

त्या गेल्या आणि दुकानदार हसला. मीही हसलो. दुसऱ्याच आठवड्यात तिथल्याच एका जिनिंगवाल्या सेठने मला रस्त्यात अडवलं. सेठ सत्तेतल्या पक्षाचे कट्टर. मला वाटलं, हे तरी खूश असतील. पण ते म्हणाले, "शेखभाऊ, तुमच्या कंपनीनं त्या दुसऱ्या पार्टीलेबी पैसे देल्ले म्हणते. आमच्या घरी आता तुमचा चहा बंद!" एक घर कंपनीने एका पक्षाला दिलं म्हणून गेलं, दुसरं दुसऱ्याला दिलं म्हणून. सावली गावच्या एका दुकानदाराने तर मजाच केली. म्हणाला, "आजकाल लोकं विचारते, हा साबण कोणाचा? मी सांगतो, बाप्पा, हा आंघोळीचा हाये!"

शहरातला राग फार दिवस पुरत नाही. दसऱ्याच्या आसपास कंपनीने एकावर एक फुकट अशी स्कीम काढली आणि वरोऱ्याचा खप पुन्हा वर आला. सेठच्या घरीही चहा परत गेला. पाटणकर बाई तेवढ्या परत आल्या नाहीत. मी निश्चिंत झालो. आणि तिकडे जंगलात काय चाललंय याची मला कल्पनाच नव्हती.

आलापल्लीच्या पुढे, आत, एक आठवडी बाजाराचं गाव आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथे घराच्या पुढच्या खोलीत दुकान चालवणाऱ्या बाईला मी इथे तानीबाई म्हणतो. तिचं खरं नाव वेगळं आहे. घरी धानाची शेती, उन्हाळ्यात तेंदूपत्ता आणि मोहफूल, आणि वर हे दुकान. मीठ, तेल, माचिस, चहा. त्या बाजूला माझा सगळ्यांत जास्त चहा ती विकायची, म्हणून मी तिच्याकडे नेहमी पहिल्यांदा जायचो. पावसाळा सरला, नाल्यांचं पाणी उतरलं, तसा मी गेलो. दारात लडी नव्हती.

"संपला वाटते माल," मी म्हटलं.

"संपला नाई, भाऊ. काढून ठेवला." तिने कोपऱ्यातला खोका दाखवला. लड्या व्यवस्थित गुंडाळून आत ठेवलेल्या होत्या. "घेऊन जा. सभेत ठरलं, तुमचा चहा घ्यायचा नाई."

"काऊन? माल खराब निघाला का?"

"माल चांगला हाये," ती म्हणाली. मग बाज पुढे ओढून मला बसायला सांगितलं आणि समोर उभी राहून बोलली. ते बोलणं मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं.

"आमच्या डोंगरावर खदान करायची म्हणून कंपनी आली. तुमच्याच मालकाची दुसरी कंपनी. आमी गावसभेत नाई म्हटलं. बाया-माणसं सगळ्यायनं हात वर केला. वरून उत्तर आलं, का तुमचं म्हणणं ऐकलं. ऐकलं, अन् काम पुढेच! आमाले समजेना, एवढे हात वर केले तं गेले कुठी? मग माझ्या भाचीनं मोबाइलवर वाचून दाखवलं. तुमच्या मालकानं पार्टीले पैसे देल्ले. थो पैसा कुठून आला, भाऊ? पुडीतून. म्हणजे हात वर करणारे आमी, अन् तो हात खाली पाडाले पैसे देणारेबी आमीच."

मी म्हटलं, "बाई, पाच रुपयांच्या पुडीत मालकाले असे किती मिळते? पैशात मोजाले लागेल."

"तं तेवढे नाई देत."

"अन् तुमचं दुकान? चहावर तं तुमचं दुकान चालते."

आतून तिचा नवरा खाकरला. नंतर कळलं, यावरून त्यांच्या घरात चांगलंच वाजलं होतं. मग ती म्हणाली, "नुकसान माझं हाये. मले माहीत हाये. सभेत हात वर करताना मी सगळ्यात मागे होती. पण मीच नाई केला, तं बाकीच्यायनं काऊन करायचा?"

तिने मला चहा दिला. गवती चहा, गूळ घालून, थोडी सुटी पत्ती टाकलेला. मी तो प्यालो, खोका मोटारसायकलला बांधला आणि निघालो. पुढच्या गावातही दारात लडी नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. बाजाराला येणाऱ्या बायांनी गावोगाव बोलणं नेलं होतं. कुठे कोणी आरडाओरडा केला नाही. पुडी जाळली नाही की पोस्टर लावलं नाही. फक्त घेणं थांबवलं. अशी वेळ विक्रेत्यावर येऊ नये. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाची समजूत काढता येते. जो आदराने बसवतो, चहा पाजतो आणि माल परत देतो, त्याला काय सांगणार?

नागपूरला आमचे विभागीय व्यवस्थापक निंबाळकर साहेब बसायचे. माणूस वाईट नव्हता. माझ्या पोरीच्या लग्नाला आलेला. पण त्यांच्याही डोक्यावर मुंबईचे लोक होते. खप पडला तसा त्यांचा फोन आला.

"शेख, हे कोण करतंय?"

"गावच्या बाया आहेत साहेब. सभेत ठरलं त्यांचं."

"बायकांच्या डोक्यात आपोआप येत नाही असलं काही. कोणीतरी पढवतंय. दोन-तीन नावं द्या मला. तिकडचे सत्ताधारी पक्षाचे राजूभाऊ आहेत, ते पुढचं बघतील."

"पुढचं म्हणजे काय साहेब?"

"ते तुमचं काम नाही. तुम्ही नावं द्या."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला यात घाबरण्यासारखं काय आहे, असं वाटेल. नाव तर द्यायचं. पण त्या जंगलात नाव ही फार जड वस्तू आहे. तिथे बंदूकवाले दोन बाजूंना आहेत, पोलीस आणि नक्षलवादी, आणि दोन्ही बाजू एकच प्रश्न विचारतात, तो कोण होता? माझ्या बीटवरच्या एका गावात एका माणसाचं नाव कोणीतरी सहज बोलता बोलता घेतलं होतं. त्याला चौकशीला बोलावणं आलं. तो परत आला, त्याला कोणी हातही लावला नव्हता. पण तो कोणाशी काय बोलून आला, या शंकेने गाव त्याच्याशी बोलेनासं झालं. पुढे तो घरदार सोडून तेलंगणात मिरची तोडायला गेला, तो गेलाच. आणि इथे तर साध्या चौकशीचं नावही नव्हतं. एक पक्षवाला 'पुढचं बघणार' होता.

मी वरोऱ्याला घरी आलो आणि शमीमला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी नावं नाई सांगितले तं ते विचारतीन, हा शेख काऊन लपवून राह्यला? तुमचं नाव आदीच असं हाये, का लोकाले शंका घ्याले येळ नाई लागत."

हे माझ्याही मनात होतं, फक्त मी बोललो नव्हतो. नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं उरली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढचे काही दिवस साहेबांचा फोन आला की मी जंगलात नेटवर्क नसल्याचं सांगत राहिलो. ते अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्याला साहेब कंटाळले आणि म्हणाले, "ठीक आहे. मीच येतो. बाजाराच्या दिवशी स्टॉल लावू. सगळ्यांना फुकट चहा पाजू. एकदा तोंडाला लागला की सभा-बिभा विसरतील."

धानाची कापणी सुरू झाली होती. विधानसभेची निवडणूक लागलेली. बाजार भरला. सुकी मासळी, चिंच, कोंबड्या, मातीची मडकी, प्लॅस्टिकच्या बांगड्या. मधोमध, आंब्याखाली, आमचा स्टॉल. कंपनीचा मोठा फलक, गॅसची शेगडी, भलं मोठं पातेलं, कागदी कपांचे मनोरे. राजूभाऊ तीन-चार पोरं घेऊन आधीच आले होते. गळ्यात पक्षाचा दुपट्टा. माइक त्यांनीच धरला.

"या माय, या भाऊ! फुकट हाये! आलं टाकलेला चहा हाये!"

लोक येत होते. स्टॉलसमोरून जात होते. थांबत नव्हते, पण टाळूनही जात नव्हते. जवळून, पातेल्याकडे बघत, तसेच पुढे जात होते. पहिला चहा उकळला. मी कप भरून फळीवर ओळीने ठेवले. वाफ गेली, साय धरली. मी ते ओतून टाकले. दुसरा चहा ठेवला. तोही तसाच गेला. स्टॉलच्या भोवती हळूहळू एक रिकामं वर्तुळ झालं. बाजाराचा गोंगाट नेहमीचा, पण त्या वर्तुळात फक्त शेगडीचा आवाज. निंबाळकर साहेब घाम पुसत हळूच म्हणाले, "शेख, तुम्ही ओळखता ना यांना. बोलवा की."

मी मासळीच्या ओळीकडे बघितलं. तानीबाई मिठाची टोपली घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून मीठ मापायला लागली. मी कोणाला बोलावलं नाही.

राजूभाऊंचा आवाज चढत गेला. "अरे, जहर हाये का यात?" त्यांनी स्वतः एक कप पिऊन दाखवला. कोणी हसलं नाही. तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत समोरून चालला होता. राजूभाऊंनी माइक टाकला, पुढे होऊन त्याचं मनगट धरलं आणि गरम कप त्याच्या हातात कोंबला. "घे बाबा, घे! तुले कोणी नाई म्हटलं?"

म्हाताऱ्याने मूठ मिटलीच नाही. कप निसटला आणि चहा त्याच्या हातावर सांडला. त्याने हात झटकला नाही की ओरडला नाही. राजूभाऊंच्या तोंडाकडे बघून गोंडीत एवढंच म्हणाला, "हिल्ले." नाही.

आणि सगळा बाजार थांबला. मासळीवाल्या उभ्या राहिल्या. मडकीवाला उभा राहिला. कोणी काही बोलत नव्हतं, पण ते रिकामं वर्तुळ लहान होऊ लागलं. माणसं एकेक पाऊल पुढे येत होती. राजूभाऊंची पोरं पातेल्याच्या मागे सरकली. आयुष्यात मी अशा शांत गर्दीत कधी उभा नव्हतो. एखादा दगड, एखादी शिवी, एवढंच कमी होतं. मग पुढे काय झालं असतं ते त्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

बाजाराला बंदोबस्त असतोच. पोलीस धावत आले. त्यांच्यात एक तरुण फौजदार होता. राजूभाऊंनी संधी साधली.

"साहेब, यायले भडकवणारे लोकं हाये. हा शेख त्यायले ओळखते. रोज येते इथी. विचारा त्याले!"

फौजदार माझ्यासमोर आला. "नाव?"

"हमीद शेख."

"कुठले?"

"वरोऱ्याचा. कंपनीचा माणूस आहे."

"कोण आहे यांचा पुढारी?"

मला जाणवत होतं की पूर्ण बाजार माझ्या मानेकडे बघतोय, ती कोणत्या बाजूला वळते ते. मासळीच्या ओळीकडे नुसती नजर गेली असती तरी ते नाव सांगितल्यासारखंच झालं असतं. मी फौजदाराच्या शर्टाच्या गुंडीवर डोळे रोखले. म्हणालो, "साहेब, कोण माल घेते ते मी सांगू शकतो. न घेणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो माझा धंदा नाही."

"शेख!" मागून निंबाळकर साहेब ओरडले. "सरळ सांगा, काय माहीत आहे ते!"

"सरळच सांगितलं साहेब. यांना चहा नको आहे."

फौजदाराची नजर माझ्यावरून फलकावर गेली, फलकावरून कपांवर, जमिनीवर पडलेल्या माइकवर आणि शेवटी राजूभाऊंच्या गळ्यातल्या दुपट्ट्यावर. त्या म्हाताऱ्याच्या लाल झालेल्या हातावरही. तो राजूभाऊंना म्हणाला, "आचारसंहिता लागली आहे ना? पक्षाचा माणूस, लाउडस्पीकर, फुकट वाटप. परवानगी दाखवा."

राजूभाऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "साहेब, आपलाच कार्यक्रम हाये."

"कोणाचा आपला?" फौजदार म्हणाला. "आत्ता गुंडाळा, नाहीतर मला लिहावं लागेल. आणि मी लिहिलं तर सगळंच लिहीन."

मला आजही कळत नाही, तो तसं का वागला. नियमाची चाड होती, की बाजार पेटला तर आपली नोकरी जाईल ही भीती. काहीही असो. आम्ही शेगडी विझवली. पातेल्यातला चहा मी आंब्याच्या बुंध्याशी ओतला. एवढा चहा कोणी न पिता जमिनीत जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मला वाईटही वाटलं. चहा चांगला झाला होता. लोक आपापल्या जागी गेले, पुन्हा भाव होऊ लागले. त्या म्हाताऱ्याच्या हाताला कोणीतरी कोरफड लावत होतं. कंपनीच्या खोक्यातली मलमाची नळी मी घेऊन गेलो. त्याने ती घेतली नाही. मान मात्र हलवली.

परतीच्या वाटेवर साहेबांनी आलापल्लीला गाडी थांबवली. मग म्हणाले, "शेख, तुम्ही कंपनीचे आहात की त्यांचे?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही उद्या नागपूरला असाल. मला पुढच्या आठवड्यात याच दुकानांत जायचंय."

जावं लागलंच नाही. माझी बीट काढून घेतली गेली आणि मला वरोऱ्याच्या गोदामात बसवलं. तिथे मुदत संपलेला माल परत येतो, तो तपासून नष्ट करायचा असतो. फिरत्या माणसाला एका खुर्चीत बसवणं ही काय शिक्षा असते ते फिरस्त्यालाच कळेल. वडिलांची इच्छा अशी पूर्ण झाली म्हणायची. जंगलातून परत आलेल्या लड्यांचे खोके माझ्याच हातून फुटले. निवृत्तीच्या दिवशी मला एक घड्याळ आणि कंपनीच्या मालाची पिशवी मिळाली. निंबाळकर साहेब आले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "तुम्ही माझी फार अडचण केली होती, शेख." आणि फोन ठेवता ठेवता, "तब्येत सांभाळा."

कंपनीने पक्षांना पैसे देणं थांबवलं का? मला माहीत नाही. थांबवलं असेल असं वाटत नाही. डोंगराचं काम अडलंय, असं कोणी म्हणतं. कोणी म्हणतं, फक्त पुढे ढकललंय. राजूभाऊ अजून तिथेच आहेत. तिकडच्या काही गावांनी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा चहा घेणं सुरू केलं. हे सगळं पाहिल्यावर गोदामात बसून मी स्वतःला बरेचदा विचारलं, यातून निघालं काय?

यंदा आलापल्लीच्या जुन्या स्टॉकिस्टच्या घरी लग्न होतं. दुसऱ्या दिवशी मी कोणाची तरी मोटारसायकल घेतली आणि त्या गावी गेलो. हातात काही विकायला नसताना त्या रस्त्याने मी पहिल्यांदाच जात होतो. तानीबाईच्या दारात आमच्या चहाची एक लडी टांगलेली दिसली. मी मनातून जरा खट्टू झालो, हे कबूल करतो.

"ठेवता का पुन्हा?" मी विचारलं.

"काही घरं मांगते. त्यायले देतो. मी नाई पीत." ती पाट ठेवत म्हणाली. "बाया म्हणे, जे घेते त्यायचं पाणी बंद करू. मी म्हटलं, असं नाई. आमी जबरदस्ती केली, तं त्या दुपट्टेवाल्यानं म्हाताऱ्याचा हात धरला, त्याच्यात अन् आमच्यात काय फरक राह्यला?"

बोलता बोलता माझं लक्ष बाहेर गेलं. समोरच्या शाळेजवळ, मोहाच्या झाडाखाली दोन पेंटर बसले होते. बाजूला ब्रश, शिडी, रंगाचे डबे. कोणत्याशा सिमेंटची जाहिरात शाळेच्या भिंतीवर रंगवायला आलेले.

"हे काऊन बसून आहेत?"

"पहिले कोणी विचारत नव्हतं, भाऊ. सकाळी उठून पाहो, तं भिंत रंगून राहे. आता जे येते थे विचारते. यायनं विचारलं, रंगवू का. आमी म्हटलं, सभेत विचारून सांगतो."

"मग? काय ठरलं?"

"आता कुठी ठरते? लोकं जंगलात गेले हाये. संध्याकाळी येतीन, बसतीन, बोलतीन. ही सिमेंटवाली कंपनी कोणाची हाये, थेबी पाहा लागन." ती हसली. "हो म्हणू, नाई म्हणू. पाहू. घाई कायची हाये?"

मला बघून त्यातला एक पेंटर उठून जवळ आला. चंद्रपूरचा होता. "भाऊ, तुम्ही यायच्या ओळखीचे दिसता," तो म्हणाला. "जरा सांगा ना यायले. भिंतच तं रंगवाची हाये. सकाळपासून बसून राह्यलो."

मी म्हटलं, "मी इथला नाही. ज्यांची भिंत आहे त्यांना येऊ द्या."

तानीबाईने आतून गवती चहाचे तीन पेले आणले, एक माझ्या हातात दिला आणि दोन घेऊन ती झाडाखाली गेली. पेंटरांनी एकमेकांकडे बघितलं आणि पेले घेतले. मग त्यातल्या एकाने उघड्या डब्याचं झाकण ठोकून घट्ट बसवलं, रंग सुकू नये म्हणून, आणि सरकून सावलीत नीट बसला.